वर आणलेली खाण

कार्मी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून चवळीच्या शेंगा मोडत बसले होते. फोन तिच्या भाच्याचा, नेल्सनचा. "मावशी, आत्या गेली," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "सकाळी चहा मागितला होता. कप घेऊन आलो तर..." पुढचं मला ऐकायची गरज नव्हती. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई आपल्या घरात, आपल्या खाटेवर, चहाची वाट बघत गेली. मरण असंच यावं हे तिलाही पटलं असतं. फक्त "चहा पिऊन झाल्यावर" एवढं तिने जोडलं असतं.

संध्याकाळी गिरीजच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. फादर नवीन होते, तरुण होते, मनापासून बोलले. कार्मेलिनबाईंनी आयुष्यभर शिक्षणाची सेवा केली, असं ते म्हणाले. त्यात त्यांची चूक नाही. रविवारी ती मुलांना धर्मशिक्षण द्यायची, गावाला ती तेवढीच दिसायची. दफन आटोपून बाहेर पडताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "बाई कुठल्या शाळेत होत्या हो?" मी म्हटलं, "शाळेत नव्हत्या. त्या कोळसा तपासायच्या." ते म्हणाले, "कोळसा? इथे वसईत?" मला तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं, पण माणसं हातपाय धुवायला निघाली होती, दिवस मावळत होता... ते राहिलं. म्हणून हा लेख.

आमची ओळख सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. मी वसईतल्याच उमेळे गावची, नुकतीच बी.एस्सी. झालेले. मुंबईच्या उपनगरात एक खासगी रासायनिक प्रयोगशाळा होती, तिथे मला नोकरी लागली. पहिल्या दिवशी मला मागच्या शेडमध्ये पाठवलं. तिथे गडद निळ्या साडीतली, कपाळापर्यंत काळी झालेली एक मुलगी लोखंडी पत्र्यावर कोळसा फोडत होती. तिने नावगाव विचारलं, आणि उमेळे ऐकल्याबरोबर म्हणाली, "म्हणजे कोयता धरता येत असेल. मग हा हातोडा धर." ती कार्मेलिन. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठी, एम.एस्सी. झालेली, आणि त्या प्रयोगशाळेत कोळशाचं काम आनंदाने करणारी एकटीच. बाकी सगळ्यांना तेलं, औषधं, पाणी असली स्वच्छ कामं हवी असायची. "कोळसा घाण नाही गं," ती म्हणायची, "कोळसा फक्त काळा आहे."

कोळसा तपासायचा म्हणजे काय, हे मी तिच्याकडून शिकले. गोणीभर कोळसा येतो आणि भट्टीत जातो तो चमचाभर. त्या चमचाभरात अख्खी गोणी आली पाहिजे. म्हणून सगळा कोळसा फोडायचा, मिसळायचा, त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. उरलेला पुन्हा फोडायचा, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत शेवटी पिठासारखी बारीक पूड उरते. मग तिच्यातला ओलावा काढायचा, तापवल्यावर किती वायू निघून जातो ते बघायचं, पूर्ण जाळून मागे किती राख उरते ते तोलायचं, गंधक मोजायचा, आणि सगळ्यात शेवटी जाड पोलादी भांड्यात प्राणवायू भरून तिच्यातली उष्णता मोजायची. त्या भांड्याला बॉम्ब असंच म्हणतात. घरी गेल्यावर ती वडिलांना सहज सांगायची, "बाबा, आज दोन बॉम्ब उडवले," आणि ते भाजीच्या जुड्या बांधता बांधता मान हलवायचे.

त्या जुड्यांवरूनच तिने मला पहिला धडा दिला होता. "आमच्या बाबांची भाजी बाजारात जाते ना, तेव्हा गिऱ्हाईक वरची पानं बघतच नाही. मधे हात घालतं. वर सगळे चांगलंच ठेवतात. तू कोळशातही मधे हात घालायला शीक." तिचं घर गिरीजला, केळीच्या वाडीत. आईची इच्छा मुलीने नर्स व्हावं ही होती. गावातल्या बऱ्याच मुली होत होत्या, आणि नर्सला मान होता. कार्मी कॉलेजात गेली, तिथे तिला रसायनशास्त्र आवडलं, आणि ती तिकडेच राहिली. लग्न तिने केलं नाही. त्यामागे काहीतरी कहाणी असणार असं लोकांना वाटायचं. इतक्या वर्षांत मला तरी ती दिसली नाही. रविवारी ती कधीकधी आमच्याकडे उमेळ्याला यायची, आणि कितीही धुतली तरी तिच्या नखांच्या कडा काळ्या असायच्या. माझी आई आतून हाक मारायची, "सुले, तुझी ती कोळशेवाली मैत्रीन आलीय. तिला आधी हात धुवायला पानी दे." कार्मी निमूट हात धुवायची आणि मग आईच्या हातची बोंबलाची चटणी त्याच हातांनी खायची.

मी लागल्यानंतर दोनेक वर्षांनी मोठं काम आलं. चंद्रपूर-वणीकडच्या खाणींमधल्या कोळशाचं पृथक्करण. एका नव्या वीजकेंद्रासाठी बॉयलर बनायचे होते, आणि कोणत्या कोळशावर ते चालणार हे कळल्याशिवाय त्यांचे आराखडे करता येत नव्हते. राख किती हा मुख्य प्रश्न. बॉयलरच्या आत पाण्याच्या नळ्या असतात. जळत्या कोळशाबरोबर उडणारी राख त्यांच्यावर आदळत राहते. राख थोडी असेल तर नळ्या जवळजवळ बसवता येतात. जास्त आणि खरखरीत असेल तर ती वाळूसारखी नळ्या घासत जाते आणि एके दिवशी नळी फुटते, तीही माणसं जवळ असताना. हे सगळं आमच्या प्रमुखांनी, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, आम्हाला पहिल्याच दिवशी समजावलं होतं. सर हुशार होते, शांत होते, आणि हे काम प्रयोगशाळेला मिळावं म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली होती.

गोण्या येऊ लागल्या. प्रत्येकीवर खाणीचं नाव, थराचं नाव. आम्ही फोडत होतो, जाळत होतो, आणि आकडे सुरेख येत होते. राख कमी, उष्णता भरपूर. मला आनंदच झाला. आपल्याच राज्यातला कोळसा एवढा चांगला निघावा, याचं कुणालाही बरं वाटेल. कार्मी मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. एकदा दुपारी तिने नव्या गोणीतला सगळा कोळसा जमिनीवर पसरला आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"सुलू, यात दगड दाखव."

मी शोधला. नव्हता.

"मातीचा थर? फिकट, मळकट, निस्तेज असा एक तरी तुकडा?"

तोही नव्हता. सगळे तुकडे चकचकीत, जवळजवळ एका मापाचे.

"तीन खाणी," ती म्हणाली, "एकमेकींपासून कितीतरी लांब. आणि तिघींचा कोळसा बहिणी-बहिणी असल्यासारखा. जमिनीतून असा कोळसा निघत नाही. हा कुणीतरी निवडून भरलाय."

ती सरळ सरांच्या खोलीत गेली. मलाही बरोबर नेलं, कारण पसरलेला कोळसा मीही बघितला होता. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कार्मेलिन, आपल्याकडे जो नमुना येतो तो आपण तपासतो. तो खाणीत कसा घेतला हे आपलं काम नाही. अहवालात तसं लिहितोच आपण, पाठवलेल्या नमुन्यानुसार म्हणून."

"सर, ती ओळ कोण वाचतं? आकडा वाचतात आणि त्यावर बॉयलर बांधतात."

"आकडे चुकीचे आहेत का?"

"नाहीत. आकडे खरे आहेत. गोणीवरचं नाव खोटं आहे."

 अहवाल द्यायची वेळ जवळ आली होती, त्यांनी शब्द दिला होता. "म्हणजे तू सही करणार नाहीस," ते म्हणाले. विचारल्यासारखं नाही, समजून घेतल्यासारखं.

"या कोळशावर करीन. त्या खाणींच्या नावावर नाही करणार. मला तिकडे पाठवा."

"बायकांना खाणीत उतरता येत नाही. कायद्याने मनाई आहे."

"मला उतरायचं नाहीच, सर. खालून वर काय येतं एवढंच बघायचंय."

त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. सरांनी तिला घालवून दिलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं. आमच्या बरोबरीच्या दोघांना तर ती भाव खातेय असंच वाटत होतं. सर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिकडच्या व्यवस्थापकांना कळवलं आणि मला म्हणाले, "तू बरोबर जा. ती एकटी गेली तर तिच्या घरचे मला विचारतील." खरं तर तिच्या घरच्यांनी काहीच विचारलं नाही. आम्ही सांगायला गेलो तेव्हा तिचे वडील विहिरीपाशी पाट फिरवत होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तिथलं पाणी कसं आहे?" आणि निघताना ताज्या सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांचं, एक पुडकं तिच्या हातात दिलं.

आम्ही पोचलो तो भर उन्हाळा होता. आमच्याकडे समुद्राचा वारा असतो, सावली असते, पाटाला पाणी असतं. तिथलं ऊन वेगळंच. सकाळी अकरालाच रस्ते ओस पडायचे, आणि वाऱ्याबरोबर कोळशाची धूळ दातात यायची. खाणीचे व्यवस्थापक भला माणूस. त्यांनी चहा दिला, पंख्याखाली बसवलं आणि नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेतला. हवे तेवढे नमुने मी पाठवून दिले असते." कार्मी म्हणाली, "तुम्ही पाठवलेत, सर. फार चांगले पाठवलेत. आता वाईट हवेत."

त्या संध्याकाळी विश्रामगृहाच्या पायरीवर बसून आम्ही सुकेळी खात होतो. तिला मी कधी डगमगलेली पाहिली असेल तर ती तेव्हाच. "सुलू, खरंच तो कोळसा तेवढा चांगला निघाला तर?" मी म्हटलं, "तर काय?" ती म्हणाली, "तर सरांची माफी मागेन. आणि आनंदाने मागेन. पण बघितल्याशिवाय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाणीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. जमिनीत तिरकी उतरत जाणारी वाट, दोन रूळ, आणि आतून येणारा गार, ओलसर वारा. तिथून पुढे तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं. व्यवस्थापकांनी एक सरदार दिला होता. खाणीत एका तुकडीच्या कामावर देखरेख करतो त्याला सरदार म्हणतात. नाव गजानन, पन्नाशीचा, ठेंगणा, कमी बोलणारा. कार्मीने त्याला सांगितलं, थरात वरच्या छतापासून खालच्या जमिनीपर्यंत एकसारखा सरळ चर पाडायचा. हातभर खोदलं की जे पडेल ते सगळं एका पिशवीत भरायचं, पिशवीला नंबर द्यायचा. पुढचं हातभर दुसऱ्या पिशवीत. असं तळापर्यंत.

"दगडबी भरू का, बाई?" गजाननने विचारलं.

"दगड आधी भरा."

तो हसला नाही. डोक्यावरचा दिवा नीट केला आणि गेला. तेवढ्यावर ती थांबली नाही. तिने व्यवस्थापकांना विनंती करून दुसऱ्या एका सरदाराला खाणीच्या अगदी दुसऱ्या टोकाला पाठवलं, त्याच कामासाठी. दोघांची गाठ पडू नये अशी व्यवस्था केली. मला वाटलं, ती कुणावर तरी संशय घेतेय. ती म्हणाली, "संशय नाही गं. थर एकच असेल तर तो दोन्हीकडे सारखा दिसायला हवा. माणूस निवडायला बसला तर दोघं सारखं निवडणार नाहीत."

दुपार कलल्यावर पिशव्या वर आल्या. कचेरीच्या मागे मोठं कडुलिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत तिने गजाननच्या पिशव्या नंबराप्रमाणे एका ओळीत मांडल्या आणि एकेक उघडून समोर जमिनीवर ओतत गेली. पहिली छताजवळची, शेवटची तळाची. मग त्या ओळीला समांतर दुसऱ्या सरदाराच्या पिशव्या. आम्ही सगळे बघत उभे होतो. वर चकचकीत कोळसा, मग निस्तेज, मग करड्या चिकणमातीचा दगड, पुन्हा कोळसा, पुन्हा एक काळपट दगडाचा पट्टा, दिसायला कोळशासारखाच पण हातात घेतला की जड. आणि ती दुसरी ओळ... त्याच क्रमाने, तसेच पट्टे, जवळजवळ त्याच जागी. खाण जमिनीखाली उभी होती. कार्मीने ती वर आणून झाडाखाली आडवी मांडली होती.

व्यवस्थापक त्या दोन ओळींच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "मी रोज खाली जातो," ते म्हणाले, "पण असा एकदम कधी बघितला नव्हता." कार्मी घामाने निथळत होती, तोंडावर काळे ओघळ होते, आणि ती भलतीच खूश होती.

मग तिने गजाननला विचारलं, आधीचे नमुने कुणी भरले होते. तो जरा घुटमळला. "आमीच भरले, बाई. आमाले सांगतलं का मुंबईले नमुना पाठवाचा हाये, तपासनार हायेत. मंग चांगला चांगला पाहून भरला. पावना आला त आपन वरचं वाढतो न ताटात." त्याला वाटलं आता बोलणी बसणार. कार्मीने सुकेळ्यांचं उरलेलं पुडकं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. आमच्या गावातही असंच करतात." विश्रामगृहाकडे परतताना ती मला म्हणाली, "बघ, मी आपली चोर शोधायला निघाले होते. इथे चोर कुणीच नाही. सगळ्यांना आपला कोळसा चांगला दिसावा एवढंच हवं होतं." आणखी दोन खाणींवर तिने तसंच केलं, आणि तिथेही उत्तर तेच मिळालं.

प्रयोगशाळेत परत आल्यावर आम्ही तो कोळसा जाळला. राख पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. तिने प्रत्येक नमुना पुन्हा केला, मग माझ्याकडून करून घेतला, आणि माझे आकडे आल्याशिवाय आपले दाखवले नाहीत. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाले, "मला त्यांना बोलवावं लागेल."

बॉयलरवाल्यांची माणसं आली. त्यातले जे वयस्कर अभियंता होते ते चिडलेले होते, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. आधी तोंडी कळवलेल्या आकड्यांवर त्यांनी काम सुरू केलं होतं. "आता तुम्ही म्हणता हा कोळसाच वेगळा आहे. उद्या पुन्हा काही वेगळं म्हणाल." सर उत्तर द्यायला लागले तेवढ्यात कार्मी उठून आत गेली आणि दोन चिनी मातीच्या बशा घेऊन आली. दोन्हींत सारख्याच वजनाचा कोळसा जाळून उरलेली राख. एकीत तळाला चिमूटभर, तांबूस, मऊ. दुसरीत भरपूर, करडी. तिने त्या त्यांच्यासमोर ठेवल्या आणि बसली.  त्या गृहस्थांनी दुसऱ्या बशीतली राख दोन बोटांत धरली, चोळली, कानाजवळ नेऊन पुन्हा चोळली. खोलीत ती बारीक करकर सगळ्यांना ऐकू आली.

"ही नळ्या खाईल," ते म्हणाले.

"हो," कार्मी म्हणाली.

त्यांनी रुमालाला बोटं पुसली आणि विचारलं, नमुने कसे घेतले ते सांगा. ती सांगत गेली, ते लिहून घेत गेले. चहा आला, गार झाला. निघताना ते तिला म्हणाले, "बाई, आमचं काम तुम्ही वाढवलंत." पुढे आराखडे बदलले, नळ्यांमधलं अंतर वाढलं, आणि अहवाल गेला तेव्हा त्यावर सरांच्या सहीखाली तिची सही होती. बॉयलर उभे राहिले आणि चालले. हे तिला कळलं ते त्याच अभियंत्यांकडून. काही वर्षांनी ते दुसऱ्या कामासाठी आले होते, आणि जाता जाता शेडमध्ये डोकावून म्हणाले, "तुमची राख अगदी तशीच निघाली." तिला मिळालेलं प्रशस्तिपत्र ते एवढंच. पण त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना समोसे खाऊ घातले.

सरांचं आणि तिचं नातं मात्र पहिल्यासारखं राहिलं नाही. भांडण नव्हतं, पण जिथे नमुन्याबद्दल कुणी प्रश्न विचारलेला चालणार नाही अशी कामं ते तिच्याकडे देईनासे झाले, आणि तशी कामं वाढत होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने नोकरी सोडली. सगळ्यांना वाटलं आता ही घरी बसणार. तिने वडिलांकडून एक खोली मागून घेतली. सुकेळी करायला त्या खोलीत पूर्वी केळी पिकत घालायचे. तिथे तिने भट्टी बसवली, तराजू आणला, जुना बॉम्ब कुठूनतरी मिळवला. केळीच्या वाडीत कोळशाची प्रयोगशाळा. लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा छोटे कारखाने उभे राहत होते, कापडाच्या रंगाईचे आणि असे कितीतरी. त्यांना बॉयलरसाठी कोळसा लागायचा, आणि घेतलेला कोळसा कसा आहे हे सांगणारं जवळपास कुणी नव्हतं. तिचं काम वर्षभरात जमलं. तोवर माझं लग्न होऊन मी वसईतच होते, मुलं लहान होती, तरी आठवड्यातून तीन दिवस तिच्याकडे जायचे.

तिचा नियम एकच होता, नमुना तीच घेणार. कारखान्यात ट्रक आला की ती साडी खोचून, फावडं घेऊन ट्रकवर चढायची. चाळिशीची बाई कोळशाच्या ट्रकवर उभी. कामगार आधी हसायचे, मग फावडं धरायला पुढे यायचे. एकदा एक व्यापारी स्वतः ट्रकबरोबर आला होता. तिला म्हणाला, "बाई, एवढं खोल कशाला खणता? इथूनच घ्या ना, हा बघा किती चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच इथून घेत नाही," ती म्हणाली आणि खणत राहिली.

तो व्यापारी पुढे आपला कोळसा विकत घेण्याआधी तिच्याकडूनच तपासून घ्यायला लागला. अशी बरीच माणसं तिने जोडली, एकालाही गोड न बोलता.

मग हळूहळू कारखाने तेलावर गेले, गॅसवर गेले. उमेळ्याच्या वाड्यांतून इमारती उठल्या, माझं माहेर तिसऱ्या मजल्यावर गेलं. तिच्याकडे येणाऱ्या गोण्या कमी होत होत थांबल्या. तिने त्याचं दुःख केलं नाही. "कोळसा कमी जळतोय, बरंच आहे की," म्हणाली. भट्टी एका कॉलेजला दिली, बॉम्बही दिला, खोली भाड्याने लावली आणि रविवारच्या मुलांकडे जास्त लक्ष द्यायला लागली.

आमची शेवटची भेट यंदाच्या नाताळानंतरची. गुडघ्यांनी तिला खुर्चीत बसवलं होतं, पण आवाज तसाच खणखणीत. मी तिला सांगितलं, वाचलंस का, कायदा बदललाय, बायकांना आता खाणीत उतरता येतं. कितीतरी मुली अभियंता होऊन खाली काम करतायत. तिला ते माहीत नव्हतं. तिने ते दोनदा वदवून घेतलं.

"आता सरकार परवानगी देतंय," ती म्हणाली, "आणि गुडघे देत नाहीत." मग तिने वाडीकडे पाहिलं. "खाली गार असणार गं. तो वारा आठवतो का तुला?" मला आठवत होता. पुढे आम्ही दोघी काहीच बोललो नाही. अशी गप्प बसण्याची सोबत आता कुठून आणायची...

ती गेल्याला महिना झाला म्हणून मिस्सा झाली त्या दिवशी मी नेल्सनला म्हटलं, मला एकदा ती खोली बघू दे. तिथे सध्या एक नर्स आणि तिचा नवरा राहतात, सोलापूरकडचे. ती पोळ्या करत होती. "या ना, काकी," म्हणाली, पण हात थांबवले नाहीत. खोलीला नवा रंग होता, टाइल्स होत्या, जुनं काहीच ओळखू येत नव्हतं. ती पोळ्या लाटत होती तो कोपऱ्यातला काळ्या दगडाचा ओटा तेवढा जुना होता. नेल्सन म्हणाला, "रंगकाम केलं तेव्हा हा काढायचा होता, मावशी. गवंडी दिवसभर घाव घालून गेला. शेवटी त्याच्याच बाजूला स्वयंपाकघर केलं."

मी त्यांना सांगितलं, हा ओटा तराजूसाठी बांधलेला आहे. तराजू इतका नाजूक होता की रस्त्यावरून एसटी गेली तरी काटा हलायचा. म्हणून कार्मीने ओट्याचा पाया भिंतीपासून सुटा ठेवला आणि गवंड्याला पाणी लागेपर्यंत खणायला लावलं. तिची आई तेव्हा म्हणाली होती, पोरगी घरात विहीर काढतेय.

"तरीच," ती नर्स म्हणाली. "इथे कपात चहा ठेवला ना काकी, तर तरंगसुद्धा उठत नाही. आमचे हे म्हणतात, कशावर उभा आहे काय माहीत."

मी ओट्यावर हात टेकला. दगड गार होता, त्यावर पिठाचा हलका थर. बाहेर नव्या इमारतीच्या कामावर जाणारा काँक्रीटचा ट्रक वळला. खिडकीची काच थरथरली, फळीवरचे डबे वाजले. ओटा हलला नाही.